नाइटनंतरची झोप

नर्सिंगच्या मुलामुलींच्या व्यसनाचा विषय निघाला की खापर संगतीवर आणि हॉस्टेलवर फुटतं. आज दिवसभर मनात घोळतंय ते वेगळंच आहे. अनेकदा याची सुरुवात झोपेपासून होते. नाइट ड्युटी संपवून सकाळी अंथरुणावर अंग टाकलं तरी डोळ्याला डोळा लागत नाही, कारण शरीराचं घड्याळ तेव्हा जागं व्हायच्या तयारीत असतं. दुपारी लेक्चर, परवा पुन्हा मॉर्निंग. अशा वेळी कुणीतरी म्हणतं, ''थोडी घे, गाढ झोप लागेल.''

लागतेही लवकर. पण दारूने आलेल्या झोपेत सुरुवातीला स्वप्नांचा टप्पा दाबला जातो आणि दारू उतरू लागली की झोप तुटायला लागते. घाम येतो, छाती धडधडते, लघवीला उठावं लागतं. सहा तास पडून राहिलं तरी अंगातला शीण तसाच. मग दुसऱ्या दिवशी जरा जास्त घेतली जाते. शरीर सरावतं, तेवढ्याने भागेनासं होतं. याला 'मजा' म्हणणं अन्यायाचं आहे. दमलेलं पोर स्वतःवर उपचार करू पाहतंय, फक्त उपचार चुकीचा आहे.

एक हिशेब प्रत्येकाने एकदा कागदावर मांडावा. ४० टक्क्यांच्या दारूच्या ६० मिलीच्या पेगमध्ये साधारण १९ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. तीन पेगांचे झाले ५७. यकृत तासाला सुमारे ७ ते १० ग्रॅमच अल्कोहोल पचवू शकतं. म्हणजे रात्री बाराला ग्लास खाली ठेवला तरी सकाळी सातच्या हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांचा ताबा घेताना, रक्तात दारू असू शकते. तोंडाला वास नसेल, चालही सरळ असेल, पण इन्फ्युजनचा, म्हणजे शिरेतून थेंबथेंब द्यायच्या औषधाचा, रेट काढताना दशांश चिन्ह सरकतं ते अशाच सकाळी. कॉफी आणि गार पाण्याची अंघोळ यांनी डोळे उघडतात, दारू उतरायचा वेग तसूभरही वाढत नाही.

यापेक्षाही काळजी वाटते ती 'मला औषधांतलं कळतं' या भरवशाची. फार्मकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, पाठ असलेल्याला वाटतं, डोस माहीत आहे, कधी थांबायचं तेही माहीत आहे. पण पुस्तकातला डोस पोटात दारू नाही असं धरून लिहिलेला असतो. अल्प्राझोलाम किंवा झोल्पिडेम यांसारख्या शांत करणाऱ्या, झोपेच्या गोळ्या आणि दारू, दोन्ही मेंदूला शांत करणाऱ्या 'गाबा' या रसायनाच्या यंत्रणेवरच काम करतात आणि एकमेकांचा जोर वाढवून श्वास मंदावतात. पाठदुखीसाठी सुरू केलेल्या ट्रामाडॉल या वेदनाशामकाचीही सवय लागते, आणि जास्त झालं तर झटके येतात.

व्यसन लागलेल्याच्या हाती औषध जाऊ नये म्हणून वॉर्डात एका क्षणी नजर ठेवायलाच हवी. मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाचा अँप्यूल (इंजेक्शनची काचेची कुपी) १० मिलिग्रॅमचा, ऑर्डर ४ ची. उरलेलं ६ साक्षीदारासमोर टाकायचं आणि रजिस्टरवर दोघींनी तिथल्या तिथे सही करायची. बिघडतं ते ''तू सही करून ठेव, मी टाकते'' या एका वाक्याने. न पाहिलेल्या औषधावर सही करायची नाही, समोर कितीही मोठी सिनियर असो. विद्यार्थ्याने तर साक्षीदार म्हणून सही करायची परवानगी आहे का, हे आधी इन-चार्जना विचारावं.

स्वतःबद्दल शंका असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची चाचणी खरी उत्तरं देऊन भरावी. ८ किंवा त्याहून जास्त गुण आले की डॉक्टरांशी बोलायची वेळ झाली. आणि जो रोज भरपूर पितो त्याने परीक्षेच्या धास्तीने एका रात्रीत सोडू नये. काही तासांत हात थरथरायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी, थायमिनसकट (जीवनसत्त्व बी-१). तिथे जाऊन खरं सांगणाऱ्या पोराला शिक्षेची भीती वाटू नये, ही जबाबदारी शिकवणाऱ्यांची आहे. भीती असली की सगळं लपवलं जातं, आणि लपवाछपवीतच जीव जातात.

खोलीत मैत्रीण निपचित पडली असेल तर ''झोपू दे, सकाळी उतरेल'' हे सगळ्यात घातक. प्यायची थांबल्यावरही पोटातली दारू रक्तात चढतच असते. तिला हाक मारा, खांदा हलवा. उठत नसेल, घोरण्याचा आवाज ओला येत असेल, किंवा पूर्ण मिनिटभर मोजून श्वास दहाच्या खाली असतील तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. तोवर कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडा, हनुवटी किंचित वर करा. ओकारी काढायला लावू नका. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसल्या तर ओपिऑइडचा (मॉर्फिन, ट्रामाडॉलसारख्या औषधांचा) संशय घ्या, हाताशी त्यांचा उतारा असलेलं नॅलोक्सोन असेल तर द्या. त्याचा असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो. दारूवर किंवा झोपेच्या गोळ्यांवर ते चालत नाही. रुग्णवाहिका येईपर्यंत उशाशी बसून राहा, श्वास मोजत, आणि काय घेतलं, किती वाजता, हे कागदावर लिहून तिच्यासोबत पाठवा.