जोतिबाचा गुलाल आणि सहा जोड्यांचा रोल

चैत्र यात्रेला जोतिबाला स्पुटनिक घेऊन गेलो हीच चूक झाली. स्पुटनिक म्हणजे जुना सोव्हिएत स्टिरिओ कॅमेरा, दोन डोळ्यांसाठी दोन फोटो काढतो, व्ह्यूअरमधनं बघितले की चित्राला खोली येते. सासनकाठ्या आत्ता कुठं नाचायला लागल्या होत्या, गुलालाचा पहिला मोठा लोट उठला आणि आपला रोल खल्लास. १२० च्या रुंद रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरच्या बारा फ्रेम, त्यातली एक डाव्या डोळ्याला एक उजव्या, म्हणजे फोटो सहाच. त्या रेटारेटीत रोल बदलला, अजूनही मागचं झाकण उघडलं की कोपऱ्यातनं गुलाबी पूड पडते.

स्टिरिओ म्हटलं की नवीन माणूस आधी मोठ्या फिल्मच्या मागं लागतो, मी पण लागलो होतो. व्ह्यूअरमध्ये सहा बाय सहाची स्लाइड बघितली की नाद सुटत नाही हे खरंय. पण स्टिरिओत जवळचं लांबचं सगळं शार्प पाहिजे, कारण डोळा आत फिरतो, पुढचा माणूस धूसर असला की तिथंच अडकतो. आणि मोठा फॉरमॅट इथंच मार खातो. एफचा आकडा मोठा तेवढं लेन्सचं छिद्र बारीक, खोली जास्त शार्प पण उजेड कमी. माझ्या दुसऱ्या, छोट्या फिल्मच्या स्टिरिओ कॅमेऱ्याची, रिअलिस्टची ३५ एमएमची लेन्स एफ ८ ला जेवढी खोली शार्प देते तेवढ्यासाठी स्पुटनिकच्या ७५ एमएमला एफ २२ वर जावं लागतं, म्हणजे आठपट जास्त वेळ शटर उघडं. नाचणाऱ्या काठीला आठपट वेळ कोण देणार?

रिअलिस्ट म्हणजे १९४७ पासूनचा अमेरिकन कॅमेरा, साध्या ३५ एमएम रोलवर चालतो. त्याची फ्रेम फिल्मच्या कडेच्या पाच भोकांएवढी, जवळपास चौकोनी, नेहमीची असते आठ भोकांची. ३६ च्या रोलवर २८-२९ जोड्या निघतात. सोव्हिएत फेड या स्टिरिओ कॅमेऱ्याची फ्रेम सात भोकांची, जरा रुंद, पण जोड्या विसाच्या आसपास. मला ती रुंदी आवडते, तरी पाच भोकंच परवडतात, रोलचे भाव बघता.

रिअलिस्टचा खरा ताप लॅबमध्ये. लॅबवाला सवयीनं नेहमीच्या सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या कापतो, म्हणजे ४८ भोकं, आणि ४८ ला पाचानं भाग जात नाही, त्यामुळं पट्टीत आठ-नऊ फोटो धड आणि टोकाचा कापलेला. वर एका जोडीच्या डाव्या-उजव्यामध्ये दुसऱ्याच जोड्यांच्या दोन फ्रेम येतात, त्यामुळं जुळवताना डोकं फिरतं. माझा पंचगंगा घाटाचा अख्खा रोल असा गेला. आता डबीवर मार्करनं लिहितो, कापू नका, आणि वर फोन करून पण सांगतो.

त्याआधी एकाच कॅमेऱ्यानं करून बघितलं होतं, डाव्या पायावर वजन टाकून एक, उजव्यावर टाकून दुसरा. भवानी मंडपाची कमान झकास येते. रंकाळ्यावर मात्र दोन फोटोंमध्ये पाणी हललेलं, लाटा डोळ्यात नुसत्या चमचमतात, जुळतच नाहीत. मग उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडनं अॅल्युमिनियमची पट्टी करून घेतली आणि दोन एसएलआर शेजारी शेजारी बसवले. ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला तिथं पट्टी म्हणजे किस झाड की पत्ती. फुल फ्रेम मिळते, जोड्या पण ३६, पण रोल दोन लागतात आणि लेन्समधलं अंतर होतं चौदा-पंधरा सेंटिमीटर. आपल्या डोळ्यांत असतं साधारण साडेसहा. अंतराच्या तीसपट लांब सगळ्यात जवळची वस्तू पाहिजे असा ढोबळ हिशोब, म्हणजे साडेचार मीटरच्या आत काही नको. पन्हाळ्यावरनं दरी काढायला भारी, महाद्वार रोडला बिनकामाचं.

यात्रेला पुढच्या खेपेला रिअलिस्टच. स्पुटनिक विकणार नाही पण. आतलं चकचकीत बेकेलाईट उजेड परतवून कॉन्ट्रास्ट मारतं म्हणून आत काळी मखमल चिकटवलीय, आणि येत्या रविवारी पन्हाळ्याच्या अंबारखान्यात ट्रायपॉडवर, एफ २२ ला. कोठार काय नाचत नाही.