एस-९ वरून एस-३: चाळीस मीटरवर आता माणसं ऐकू येतात

झालं एकदाचं! दिवेलागणीला सुरू होऊन जेवणं उरकेपर्यंत हौशी रेडिओचा चाळीस मीटरचा (७ मेगाहर्ट्झचा) बँड गिळून टाकणारा तो गोंगाट सेटच्या सिग्नल मीटरवर एस-९ वरून एस-३ वर आला. परवा संध्याकाळी देवगडकडच्या काकांशी बँड बुडेपर्यंत बोललो आणि एकदाही ‘अगेन, अगेन’ म्हणावं लागलं नाही. मागच्या वेळी पुढचा टप्पा म्हणून शंभर वॉटच्या ॲम्प्लिफायरची आकृती काढून ठेवली होती, ती सध्या बाजूला ठेवतोय. का ते पुढे येईलच. आधी गोंगाटाची कथा, कारण सोसायटीत राहणाऱ्या प्रत्येक हॅमला (हौशी रेडिओवाल्याला) ती कुठे ना कुठे लागू पडेल.

अँटेना तीच आहे. गच्चीवर इन्व्हर्टेड व्ही (उलट्या व्हीच्या आकाराची तार), दोन्ही हात दहा-दहा मीटरचे, टोकं कठड्याला बांधलेली. खांब फार उंच नाही, गच्चीच्या स्लॅबमधलं लोखंड बऱ्यापैकी जमिनीचं काम करतं, त्यामुळे बरीचशी लहर सरळ वर जाऊन तीन-चारशे किलोमीटरच्या आत परत उतरते. डीएक्सवाल्यांना, म्हणजे दूरदेशीची स्टेशनं गाठणाऱ्यांना, हे आवडत नाही. मला मात्र हेच हवं होतं. कोकण, मराठवाडा, खानदेश सगळं आवाक्यात येतं. अडचण एकच होती: लोक ज्या वेळेला कामावरून येऊन सेट लावतात, नेमक्या त्याच वेळेला माझं मीटर एस-९ वर जाऊन बसायचं.

घरचा मेन स्विच बंद करून सेट बॅटरीवर चालवला तरी गोंगाट तसाच, म्हणजे उगम बाहेरचा, हे मागे लिहिलं होतं. त्यानंतर बरेच दिवस लिफ्टच्या ड्राइव्हवर संशय होता. लिफ्ट हलली की खरखर येते हे खरंच आहे, पण ती मजला आला की थांबते. विजेच्या खांबावरच्या सैल इन्सुलेटरचा असता तर १०० हर्ट्झचा गुरगुराट आला असता आणि पाऊस पडला की बहुधा गप्प झाला असता. इथे तसंही नव्हतं. वॉटरफॉलवर (बँडवरचे सिग्नल दाखवणाऱ्या सरकत्या चित्रावर) मात्र एक खूण स्पष्ट दिसत होती: साधारण ६५ किलोहर्ट्झच्या अंतराने उभे फुगवटे, आणि सुरुवातीचा अर्धा तास ते सगळे हळूहळू एकाच बाजूला सरकायचे. गरम होत जाणारा एसएमपीएस, म्हणजे स्विचिंगवर चालणारा पॉवर सप्लाय. त्यात शंका नव्हती. फक्त सोसायटीत असे अडॅप्टर किती असतील, याचा विचार करून हात गळाले होते.

सुटका केली ती वीज गेल्यामुळे. एका संध्याकाळी सगळा परिसर अंधारात गेला आणि बँड असा स्वच्छ झाला की मी नुसता ऐकत बसलो. वीज आली त्याच क्षणी फुगवटे परत उभे, तेही पुन्हा थंडीतून सुरुवात केल्यासारखे सरकत. म्हणजे संध्याकाळी चालू करून ठेवलेली आणि वीज आल्यावर आपोआप सुरू होणारी वस्तू. खिशातला शॉर्टवेव्ह रेडिओ घेऊन जिना चढलो. फेराइट रॉडचा नल (ज्या दिशेला सिग्नल नाहीसा होतो ती) शॉर्टवेव्हवर कामाचा नसतो, बहुतेक रेडिओत तो रॉड फक्त मीडियमवेव्हसाठी असतो. म्हणून वायरचा छोटा लूप करून त्याने दिशा घेतली. चौथ्या मजल्यावर लूप फिरवावाही लागला नाही.

काकूंचं देवघर. मखराभोवती एलईडीची पट्टी आणि तिला बिननावाचा १२ व्होल्टचा अडॅप्टर. सांजवात करताना त्या पट्टी लावतात आणि झोपण्याआधी बंद करतात. मी दारातच रेडिओचा आवाज वाढवला, त्यांना अडॅप्टर काढायला सांगितलं, आणि खरखर बंद झाली. त्यांना दोन वाक्यांत सगळं कळलं. मग चहा ठेवून त्यांनी विचारलं, “पण तुम्ही बोलता तरी कोणाशी?”

त्यांना पट्टी सोडायला सांगणं माझ्या मनातही नव्हतं. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीतून १२ व्होल्टचा साधा ट्रान्सफॉर्मर आणला, ब्रिज, ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ७८१२ (१२ व्होल्ट स्थिर ठेवणारी आयसी) आणि चांगला जाड हीटसिंक. पट्टी एक ॲम्पिअरच्या आतच घेते, त्यामुळे ७८१२ पुरतो. डबा पत्र्याचा, फ्यूज प्रायमरीला, अर्थिंग डब्याला. वजनदार आणि जुनाट दिसतो, पण रेडिओच्या दृष्टीने मुका आहे. अशा कामाला मी आजही गल्लीतल्या दुकानातच जातो. ट्रान्सफॉर्मर हातात घेऊन वजन बघता येतं आणि दुकानदार स्वतः सांगतो की हा घेऊ नका, हा गुंजन करतो.

आता सगळं संपायला हवं होतं. मीटर आलं एस-७ वर. फुगवटे गेले, पण त्यांच्याखाली दडलेला एक सपाट, बिनचेहऱ्याचा गोंगाट तसाच राहिला. हा टप्पा मला सगळ्यात जास्त जड गेला. शोधायला खूणच नव्हती. लूप सगळीकडे थोडं थोडं दाखवायचा, कुठेच जास्त नाही.

इथे देवगडचे काका आले. लॉगमध्ये त्यांची नोंद कितीतरी वेळा आहे, प्रत्येक वेळी फाइव्ह-नाइन (छान ऐकू येतंय, हा रिपोर्ट), थँक यू, सेव्हन्टी-थ्री (शुभेच्छा). एस-९ च्या भिंतीतून कॉलसाइन (स्टेशनचं नाव) आणि रिपोर्ट तेवढा निघायचा, बाकी काही नाही. एस-७ वर पहिल्यांदाच पूर्ण वाक्यं मिळायला लागली, तुटत तुटत का होईना. मी माझं रडगाणं सांगितलं. त्यांनी अँटेनाबद्दल काहीच विचारलं नाही. तिच्या केबलबद्दल विचारलं ते एवढंच: “कोॲक्स खाली कुठून येते?” डक्टमधून, म्हटलं. “त्या डक्टात आणखी काय आहे?”

डक्टात सगळ्या फ्लॅटच्या विजेच्या लाइनी आहेत. पाच मजले माझी आरजी-५८ कोॲक्स त्यांना चिकटून उतरते. सगळ्या घरांचा थोडा थोडा कचरा शील्डच्या बाहेरून वर चढतो आणि फीडपॉइंटवर, म्हणजे केबल जोडली आहे तिथे, अँटेनात शिरतो. कॉमन मोड. पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण माझ्या डक्टाकडे बोट दाखवायला माणूस लागला. गावात लाइन टाकायची कामं त्यांनी आयुष्यभर केली आहेत, वायर कुठून कशी जाते हे ते ऐकूनच ओळखतात.

उपाय माहीतच आहे: फेराइटवर कोॲक्सचे वेढे, म्हणजे चोक, एक फीडपॉइंटला, एक शॅकमध्ये (सेटच्या खोलीत) शिरताना. त्यातही आठवडा खाल्ला. ऑनलाइन ‘मिक्स ३१’ (फेराइटचा एक प्रकार) म्हणून जी कडी आली, तिच्यावर बारा वेढे घालून नॅनोव्हीएनए या छोट्या मोजणी-यंत्राला लावली तर ७ मेगाहर्ट्झवर अडवणूक (एस-२१) जेमतेम १४ डीबी. म्हणजे पाचशे ओहमही धड नाहीत. अस्सल एफटी-२४०-३१ कडीवर तेवढेच वेढे ३० डीबीच्या पुढे जातात, काही हजार ओहम, आणि तेही मुख्यतः रेझिस्टिव्ह. दिसायला दोन्ही कड्या सारख्याच काळ्या. विक्रेत्याने पैसे परत केले, गेलेला वेळ मात्र परत आला नाही. माझं ठाम मत झालंय की नॅनोव्हीएनएशिवाय फेराइट विकत घेऊच नये, आणि ४० मीटरच्या चोकला मिक्स ४३ ऐवजी ३१ च घ्यावा. शेवटी एका जुन्या हॅमकडून दोन खात्रीच्या कड्या मिळाल्या.

दोन्ही चोक लावले त्या संध्याकाळी एस-३. सहा एस-युनिट, एकाला ६ डीबी म्हणजे कागदावर ३६ डीबी. आपल्या सेटांची मीटरं इतकी काटेकोर नसतात, पण निम्मं धरलं तरी खूप आहे.

आणि मग माणसं ऐकू यायला लागली.

नांदेडची एक मुलगी आहे, नुकतंच लायसन्स मिळालेलं. सेट यूबिटेक्स, हैदराबादच्या अश्हर फरहान यांचं डिझाइन, दहा वॉटच्या आसपास. तिचा सीक्यू (कोणी आहे का, ही हाक) माझ्याकडे एस-५ ने आला. उत्तर दिल्यावर ती क्षणभर गप्पच झाली. मग म्हणाली, सर, कितीतरी संध्याकाळी सीक्यू देतेय, तुम्ही पहिलेच. तिला वाटत होतं तिच्या सेटचंच काहीतरी चुकतंय, मॉड्युलेशन खराब आहे, किंवा नव्या माणसाशी बोलायला कोणाला सवड नाही. सेट उत्तम होता. आवाज स्वच्छ होता. शहरातले आम्ही सगळे एस-९ खाली बसलो होतो, ती आमच्यापर्यंत पोचतच नव्हती. उत्तर आलं नाही याचा अर्थ कोणी ऐकायला बसलेलंच नाही असा होत नाही, हे तिला सांगताना मला स्वतःलाच फार बरं वाटलं.

त्या रात्री ॲम्प्लिफायरचा हिशोब परत मांडला. दहा वॉटचे शंभर केले की १० डीबी, दोन एस-युनिटही नाहीत. माझा आवाज थोडा मोठा होईल, पण तिचा मला काडीइतकाही जास्त ऐकू येणार नाही. दोन कड्या आणि एका ट्रान्सफॉर्मरने त्याच्या कितीतरी पट काम केलं, आणि तेही समोरच्यासाठी.

एफटी-८, म्हणजे संगणकाने छोटे निरोप पाठवायची पद्धत, मी सोडलेलं नाही. २०१७ पासून त्याने खराब बँडवरही जगाच्या टोकाला पोचवलंय, पंधरा-पंधरा सेकंदांच्या फेऱ्यांत गोंगाटाखाली २० डीबीवरचा सिग्नल उकलणं हे अफाट काम आहे. डीएक्ससीसीची शंभरी (शंभर देशांशी संपर्क) माझी त्याच्यावरच झाली. पण मोकळ्या मजकुराला तेरा अक्षरं. डक्टात काय आहे, हे तेरा अक्षरांत विचारता येत नाही. आणि मोजणीचा क्यूएसओ (संपर्क) बोलण्यात केव्हा बदलेल हेही सांगता येत नाही. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद अंदमानातून व्हीयू४आरबीआय हे स्टेशन चालवत होत्या, जगभरचा पाइल-अप (एकाच वेळी हाका मारणाऱ्यांची गर्दी) लागला होता. २६ तारखेला त्सुनामी आली आणि त्याच स्टेशनवरून माणसांच्या ख्यालीखुशालीचे निरोप मुख्य भूमीकडे जाऊ लागले. ऑपरेटर त्याच होत्या, हातही त्यांचाच.

देवगडच्या काकांशी परवा काय बोललो? फणसाच्या झाडाला बांधलेल्या त्यांच्या डायपोल अँटेनाबद्दल, खाऱ्या वाऱ्याने तांब्याची तार दोन पावसाळ्यांत हिरवी होते त्याबद्दल, इनॅमलची तार वापरून सोल्डरच्या सांध्यावर ते काय लावतात त्याबद्दल. मग विषय आंब्यावरच्या मोहराकडे गेला, मग त्यांच्या मुंबईतल्या लेकीकडे. साडेआठच्या सुमारास क्यूएसबी (सिग्नलची चढ-उतार) वाढला, लहरी परत पाठवणारा वरचा एफ-टू थर विरळ होत गेला, काका लाटेसारखे वर-खाली होत शेवटी बुडाले आणि त्यांच्या जागी दूरची स्टेशनं वर आली.

चौथ्या मजल्यावरच्या काकू त्या संध्याकाळी शॅकमध्ये येऊन बसल्या होत्या. त्यांच्याकडे लायसन्स नाही, त्यामुळे माइक माझ्याच हातात, त्या फक्त ऐकत होत्या. मालवणी ढंगाचं बोलणं ऐकून खूश झाल्या. उठताना म्हणाल्या, “हे रोज ऐकायचं असेल तर मला काय घ्यावं लागेल?” तिथेच नवा प्रकल्प ठरला.

ॲम्प्लिफायरच्या पैशांतून आता चाळीस मीटरचे छोटे डायरेक्ट कन्व्हर्शन (साध्या सर्किटचे) रिसीव्हर बांधणार आहे. पहिला काकूंना, दुसरा नांदेडच्या मुलीच्या आजोबांना, ते तिच्या बाजूला बसून ऐकतात असं ती म्हणाली. अटी काकूंनीच घातल्या: एकच बटण, हेडफोन नको, अक्षरं मोठी. मिक्सर चार १एन४१४८ डायोडचा रिंग, कारण ७२०० किलोहर्ट्झच्या वरची ब्रॉडकास्ट स्टेशनं रात्री एनई-६०२ या मिक्सर आयसीला बेजार करतात. मेनवर चालवला तर ट्यून करताना गुणगुण सोबत फिरते, म्हणून १८६५० सेलवरच. आवाजासाठी एलएम३८६ आयसी आणि तीन इंची स्पीकर.

लिहिता लिहिता एक विचार बदलला. ऑसिलेटरसाठी एसआय५३५१ ही डिजिटल आयसी आणि आर्डुइनो नॅनो धरला होता, पण एका बटणाच्या सेटला डिस्प्ले कशाला? पॉलीव्हॅरिकॉन (फिरवायचा कपॅसिटर) आणि एक चांगला व्हीएफओ (त्याने ट्यून होणारा ऑसिलेटर), ७०५० ते ७२००, बस. गरमीत सरकेल का ही धास्ती आहे. काकूंना दर पाच मिनिटांनी बटण फिरवायला लावायचं नाही. तापमानाने न बदलणारे एनपी-झीरो कपॅसिटर घेऊन टी-५०-६ कडीवर कॉइल गुंडाळून बघतो, सरकणं शंभर हर्ट्झच्या आत राहिलं तर तोच, नाही तर परत एसआय५३५१ वर, डिस्प्ले न लावता.

कोणाकडे जुन्या ट्रान्झिस्टरमधले पॉलीव्हॅरिकॉन पडून असतील तर सांगा, चार लागतील. आणि ज्यांची कोॲक्स डक्टातून उतरते त्यांनी चोक लावण्याआधी आणि नंतर मीटर बघून आकडे कळवा, संध्याकाळी साडेसातनंतर ७१०० च्या आसपास मी असतोच. नांदेडची तीही असते, तिचा सीक्यू ऐकू आला तर रिपोर्ट देऊन थांबू नका, पुढे बोला.

सेव्हन्टी-थ्री.