भोरच्या पडक्या घरातले बारा संगणक

पुण्यात राहता फ्लॅट असताना भोर तालुक्यातल्या एका खेड्यात पडके घर विकत घेऊन त्यात संगणक का मांडलेत, आणि हे परवडते का, असे मला नात्यातली, कार्यालयातली आणि आता त्या गावातलीही माणसे विचारतात. प्रश्न दोन आहेत. पहिल्याचे उत्तर दिल्याशिवाय दुसऱ्याला अर्थ राहत नाही, म्हणून त्याच क्रमाने लिहितो.

2020 च्या टाळेबंदीत घरी बसलो असताना 'फोल्डिंग ॲट होम' या प्रकल्पाविषयी वाचले. स्टॅनफर्ड विद्यापीठात विजय पांडे यांनी 2000 साली सुरू केलेल्या या प्रकल्पात जगभरच्या लोकांचे संगणक प्रथिनांच्या घड्या कशा पडतात याची आकडेमोड वाटून घेतात. करोनाच्या त्या महिन्यांत मीही माझा एक संगणक त्याला दिला. पुढे 'आइन्स्टाइन ॲट होम' या तशाच दुसऱ्या प्रकल्पाकडे वळलो आणि तिथेच रमलो. अवकाशातच उठणारे सूक्ष्म तरंग, म्हणजे गुरुत्वीय लहरी, टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगोच्या शोधयंत्रांच्या नोंदींमध्ये, वेगाने फिरणाऱ्या आणि पूर्ण गोल नसलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यांकडून (स्फोट झालेल्या मोठ्या ताऱ्याचा उरलेला अतिघन गाभा म्हणजे न्यूट्रॉन तारा) सतत येत राहणाऱ्या गुरुत्वीय लहरी शोधणे हे त्याचे मुख्य काम आहे. तशी लहर अजून कोणालाही सापडलेली नाही. मात्र याच प्रकल्पाने 2010 साली प्वेर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींमधून एक नवा पल्सार, म्हणजे फिरता फिरता ठराविक लयीत रेडिओ लहरींचे झोत टाकणारा न्यूट्रॉन तारा, शोधला, आणि ज्या संगणकांवर तो उमटला ते अमेरिकेतल्या आयोवात आणि जर्मनीतल्या माइन्झमध्ये, तुमच्या-आमच्यासारख्या लोकांकडे होते. भारतातले लायगो आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभे राहणार आहे आणि त्याला 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, हे वाचल्यावर मला या कामाबद्दल जे वाटले ते आपलेपणाशिवाय दुसरे काही नव्हते.

फ्लॅटमध्ये चार संगणक होईपर्यंत निभावले. संगणकाने खाल्लेली वीज जवळपास सगळीच्या सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीत उतरते, त्यामुळे अडीचशे वॉटचे चार संगणक म्हणजे एक हजार वॉटचा हीटर रात्रंदिवस लावून ठेवल्यासारखे आहे. एप्रिलमध्ये त्या खोलीत पाऊल टाकवत नसे. एसी लावावा, तर आधी वीज जाळून उष्णता करायची आणि मग ती बाहेर काढायला आणखी वीज जाळायची, हे मनाला पटेना. म्हणून जागा शोधू लागलो.

जुन्नरकडे एक घर फार स्वस्तात मिळत होते, पण ते सोडले. त्याच भागात खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे, आणि संगणकांतून बाहेर पडणारा रेडिओ गोंगाट तिला लागणाऱ्या शांततेच्या मुळावर येणारा असतो. पल्सार शोधण्यासाठी यंत्रे लावायची आणि पल्सार ऐकणाऱ्या दुर्बिणीच्याच शेजारी गलका करायचा, हे माझ्याने झाले नसते.

भोरचे घर गावठाणातले आहे. आपल्याकडे शेतजमीन घ्यायला माणूस शेतकरी असावा लागतो, गावठाणातल्या घराला ती अट नाही. घर स्वस्त होते ते पडके असल्यामुळे कमी आणि वारसांमुळे जास्त. ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर वारलेल्या आजोबांचेच नाव होते आणि सह्या करणारे नऊ जण मुंबई, सुरत, पुणे असे पांगलेले होते. सात महिने गेले, पण सगळ्यांच्या सह्या होऊन खरेदीखत नोंदवले जाईपर्यंत मी इसाराखेरीज पैसा दिला नाही. सव्वाचार लाखांत घर झाले. डागडुजीला जवळपास तेवढेच लागले.

जाड मातीच्या भिंतींचे जुने घर थंडच असणार, असे सगळे म्हणतात, आणि मीही तसेच समजत होतो. ते घर थंड असते, कारण आत उष्णता करणारे काही नसते. बारा संगणकांचे तीन किलोवॉट आत ओतू लागले की त्याच भिंती तापून बसतात आणि रात्रीही निवत नाहीत. उपयोगी पडले ते छप्पर. माजघरावर मंगलोरी कौले आहेत आणि आढे चांगले उंच आहे, त्यामुळे गरम हवा वर चढून कौलांच्या फटींतून निघून जाते. माळवदाचे, म्हणजे सपाट मातीच्या छपराचे घर घेतले असते तर ही वाट मिळाली नसती. तरी नुसत्या फटींवर भागत नाही. तीन किलोवॉट उष्णता बाहेर काढायची आणि खोलीतली हवा बाहेरच्यापेक्षा दहा अंशांहून जास्त तापू द्यायची नाही, तर ताशी सुमारे 900 घनमीटर हवा खेळती हवी. बारा इंची एक्झॉस्ट पंखा कागदावर तेवढी हवा काढतो, म्हणून मी दोन बसवले आणि समोरच्या खिडकीला जाळी व धूळ अडवणारे कापड लावले. शेणाने सारवलेली भुई काढून तिथे शहाबादी फरशी घातली. ती भुई उखडताना वाईट वाटले, पण सारवणाची बारीक धूळ पंख्यांत जाऊन बसते.

विजेचे काम मी सगळ्यात आधी करायला हवे होते आणि केले शेवटी. जुनी जोडणी कायमची बंद झालेली होती, खांबापासूनची तार गळालेली होती आणि पूर्वीचा मंजूर भार एक किलोवॉटचा होता. नवी जोडणी, आतले सगळे वायरिंग तांब्याच्या तारेत, प्रत्येक चार यंत्रांना वेगळा एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारी कळ), आणि परसात मीठ-कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डा, एवढे झाल्यावर मला वाटले की संपले. मग कळले की संध्याकाळी सातला 190 व्होल्टवर असलेला विजेचा दाब पहाटे तीनला 255 पर्यंत चढतो. त्यावर स्टॅबिलायझर घेतला. बॅटऱ्या मात्र घेतल्या नाहीत, कारण हे काम करणारी प्रणाली थोड्या थोड्या वेळाने झालेली आकडेमोड साठवून ठेवते आणि वीज गेली तर काही मिनिटांचेच काम वाया जाते. शिवाय एकच काम दोन वेगवेगळ्या संगणकांना देऊन उत्तरे ताडून पाहिली जातात, तेव्हा माझे एखादे यंत्र चुकले तरी खोटे उत्तर पुढे जात नाही. वळवाच्या पावसात मात्र प्लग उपटून ठेवावेच लागतात. पहिल्या वर्षी मी पुण्यात होतो, विजा कडाडल्या आणि एक मदरबोर्ड जळला.

त्याच पावसाळ्यात बंद ठेवलेला एक संगणक सुरू करायला गेलो तर पंखा फिरेना. मागची जाळी काढली. वीजपुरवठ्याच्या डब्यात, पंख्याच्या दोन पात्यांच्या मध्ये, अंगठ्याएवढे मातीचे मडके चिकटवलेले होते, गुळगुळीत, बाहेरून बोटाने लिंपल्यासारखे. कुंभारीण माशीचे घर. चाकूच्या टोकाने ते सोडवताना फुटले आणि आतून मुंगळ्याएवढे चार-पाच कोळी निघाले, पिल्लाला खायला म्हणून गुंगवून ठेवलेले. तेव्हापासून बंद यंत्राच्या मागे मी मच्छरदाणीचे कापड बांधतो.

आता परवडण्याचे. बारा संगणक, तीन किलोवॉट, म्हणजे दिवसाला 72 युनिट. घरगुती बिलातला पाचशे युनिटांचा टप्पा पहिल्याच आठवड्यात ओलांडला जातो आणि पुढचे प्रत्येक युनिट सर्वांत महाग दराने पडते. वर्षाला 26,000 युनिटांहून अधिक. मी बसून मांडले तेव्हा दिसले की घराच्या खरेदीला मोजलेली सगळी रक्कम वर्ष-सव्वा वर्षाच्या बिलात जाईल. तेव्हा बाराचे आठ केले. जे चार विकले ते दहा वर्षांपूर्वीचे होते, स्वस्तात मिळाले म्हणून घेतलेले, आणि तेवढीच वीज खाऊन नव्या यंत्राच्या पाचव्या हिश्शाचेही काम करत नव्हते. उरलेल्यांची ग्राफिक्स कार्डे, म्हणजे आकडेमोडीचा मोठा भार उचलणारे भाग, किती वीज ओढू शकतील याची मर्यादा खाली आणली. त्यात माझ्या यंत्रांची वीज सुमारे एक तृतीयांशाने घटली आणि काम दहाव्या भागाइतकेच कमी झाले. ही एक गोष्ट मला पहिल्या दिवशी कोणी सांगायला हवी होती. कौलांवर भार नको म्हणून परसात लोखंडी सांगाडा उभारून 540 वॉटचे नऊ सौर पॅनेल लावले. एका किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिट धरले तर ते 19 युनिट देतात, आणि चार संगणक अखंड चालवायला साधारण 16 लागतात. उरलेले चार मी फक्त थंडीत चालवतो. म्हणजे सौर पॅनेलचा खर्च सोडला तर चार संगणकांचे काम परवडते, आठांचे थंडीपुरते, आणि बारांचे माझ्यासारख्या पगारदाराला कधीच परवडले नसते.

यातून पैसा मिळतो का, असे विचारणाऱ्यांना सांगतो की मिळत नाही, आणि मिळावा म्हणून मी ते केलेले नाही. पण कोणी असे घर पाहायला निघालाच तर त्याने मे महिन्याच्या दुपारी जावे, आढ्याखाली उभे राहावे, मग खांब किती लांब आहे ते पावलांनी मोजावे आणि शेजाऱ्याच्या घरी पहाटे मीटर लावून दाब पाहावा. भिंतींचे पोपडे शेवटी पाहिले तरी चालतात.

शेजारच्या काकूंनी एवढे काही पाहिले नव्हते. श्रावणात चार दिवस झड लागली होती आणि नातवाची दुपटी वाळेनात, तेव्हा त्या एक्झॉस्टच्या तोंडाशी दोरी बांधून गेल्या. मी आलो तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, विचारलं नाही हां. पर तुमच्या खोलीतनं ऊन येतंय, ते वाया कशाला घालवायचं?" दोरी मी आता पक्क्या खिळ्यांना बांधून दिली आहे. पावसाळ्यात चारच यंत्रे चालू असतात, त्यामुळे दुपटी वाळायला संध्याकाळ होते. बाकीची चार दिवाळीनंतर सुरू करीन.