मोम्बासात मला कुणीतरी नाशिक विचारलं

टीशर्टपासून सुरुवात करते. ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून आम्ही अकरा टीशर्ट छापून घेतले होते, पुढे चर्चचं नाव, पाठीवर आफ्रिकेचा नकाशा आणि केनियाच्या जागी लाल बदाम. एअरपोर्टला सिक्युरिटीच्या रांगेत पुढच्या पोराच्या पाठीकडे बघत उभी होते आणि लक्षात आलं की बदाम नायजेरियावर पडलाय. रात्रीचे अडीच वाजलेले, घोडबंदर रोडवरून निघून आधीच जीव अर्धा झालेला, म्हणलं आता कोणाला सांगून काय उपयोग, म्हणून गप्प बसले. आठ दिवस आम्ही पाठीवर भलताच देश घेऊन फिरलो. शेवटी मोम्बासाच्या शाळेतल्या चौथीच्या एका मुलीने येऊन बोट ठेवून दाखवलं, टीचर, आम्ही इकडे राहतो, या बाजूला.

तर ही मिशन ट्रिप. आमच्या चर्चने परदेशात टीम पाठवायची ही पहिलीच वेळ. तीन महिने दर रविवारी उपासनेनंतर बिर्याणीची पाकिटं विकून पैसे जमवले, महिला मंडळाच्या मावश्यांनी एवढा कांदा चिरला की त्यांनाच नेलं पाहिजे होतं खरं तर. मी का गेले तर, आता इथे खोटं कशाला लिहू, सेवा वगैरे मनात होतंच पण वीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसून मला एकदा ठाण्याच्या बाहेर, म्हणजे लोणावळ्याच्या पलीकडे कुठेतरी जायचं होतं. नवरा म्हणाला जा. सासूबाई म्हणाल्या तिकडे डास असतात. त्यांचं काही चुकीचं नव्हतं, पिवळ्या तापाची लस किमान दहा दिवस आधी घ्यावीच लागते, नाहीतर परत येताना आपलेच लोक एअरपोर्टवर अडवून ठेवतात.

नैरोबी आम्ही पाहिलंच नाही, एक रात्र झोपलो आणि सकाळी रेल्वे पकडली. नवी रेल्वे आहे, 2017 ला सुरू झालेली, दीड हजार शिलिंगात पाच-सहा तासांत मोम्बासा, खिडकीतून त्सावोच्या अभयारण्यातल्या लाल मातीत लोळून लाल झालेले हत्ती दिसतात. शेजारून मधूनमधून जुनी लाइन दिसते, 1896 ते 1901 मध्ये इंग्रजांनी हिंदुस्थानातून बत्तीसेक हजार मजूर नेऊन बांधलेली, त्यातले अडीच हजार तिथेच मेले. आमच्यातली पोरं रील बनवत होती. मीही एक बनवली, लाइक्स फार नाही आले.

मोम्बासाबद्दल एवढंच सांगते की घरी आल्यासारखं वाटतं आणि ते चांगलंही वाटतं आणि वाईटही, कारण तोच घाम, तोच दमटपणा, त्याच रिक्षा (टुकटुक म्हणतात), बाइक टॅक्सी बघावी तर बजाजची बॉक्सर, आणि नाश्त्याला माहाम्री नावाच्या गोडसर पुऱ्या आणि नारळाच्या दुधातली तूर. हो, तूर. कोकणातल्या कोणालाही ताटात ठेवून द्या, काही विचारणार नाही. भाषेतही तेच. पेसा म्हणजे पैसा, दुका म्हणजे दुकान, साबुनी म्हणजे साबण, गारी म्हणजे गाडी, हेसाबू म्हणजे हिशोब. बँकवाली असल्यामुळे हेसाबू माझा लगेच पाठ झाला.

आमचं काम होतं शाळेची भिंत रंगवणं. रंगाला तिकडे रांगी म्हणतात. तीन दिवस आम्ही अकरा जण एकाच भिंतीला रांगी लावत होतो. यातल्या नऊ जणांनी आयुष्यात ब्रश धरलेला नव्हता, घरी दिवाळीला रंगारी बोलावतो ना आपण. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर पोचले तर शाळेचा फुंडी, म्हणजे मिस्त्री, आम्ही आदल्या दिवशी रंगवलेली भिंत घासून परत रंगवत होता. मला बघून तो लाजला. मी त्याच्याहून जास्त लाजले. त्याने खूण करून विचारलं की तुमच्या लीडरला सांगू नका हां. मी नाही सांगितलं. मग तो कोपरा दाखवून म्हणाला इथे तुम्ही लावा, इथे दिसत नाही. अकरा जणांच्या तिकिटाच्या पैशात त्या माणसाने किती शाळा रंगवल्या असत्या हा हेसाबू मी मनातल्या मनात केला आणि आकडा कोणाला सांगितला नाही.

असो. खरं लिहायचंय ते रविवारचं.

रविवारी आम्हाला फ्रेअरटाउन नावाच्या भागातल्या चर्चमध्ये नेलं. उपासना तीन तास. मला लांब उपासनेची सवय आहे पण तिथे उभं राहून नाचायचं पण असतं, आणि पुढचा माणूस 'ब्वाना आसिफिवे' म्हणाला की सगळ्यांनी जोरात आमेन म्हणायचं, प्रभूची स्तुती असो असा अर्थ. दानाच्या वेळी ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांनी अंडी आणली होती, भोपळा, एक जिवंत कोंबडी, आणि उपासना संपल्यावर बाहेर त्यांचा लिलाव. मला एकदम कापणीचा सण आठवला, आमच्याकडे एकदा एक लिंबू चारशे रुपयांना गेलं होतं कारण दोन कुटुंबं हट्टाला पेटली. कोंबडीवर मी बोली लावणार होते, लीडर दादांनी डोळे वटारले.

त्याआधी लीडर दादांचं भाषण झालं. माणूस चांगला आहे, मनापासून बोलतो, पण माईक दिला की सुटतो. ते म्हणाले (शाळेतल्या एक टीचर त्याचं स्वाहिलीत भाषांतर करत होत्या) की आम्ही भारतातून, मुंबईजवळच्या ठाण्यातून, एवढा समुद्र ओलांडून पहिल्यांदाच तुमच्यापर्यंत सुवार्ता घेऊन आलोय. पहिल्यांदाच वर जोर. तिसऱ्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, कोट, टाय, त्या उकाड्यात, आणि ते हसले. मोठ्याने नाही, पण खांदे हलले. मला दिसलं.

बाहेर ते माझ्याचकडे आले, का माहीत नाही, बहुतेक मी सावलीत उभी होते म्हणून. तिकडे वयस्कर माणसाला म्झे म्हणतात, आपण आजोबा म्हणतो तसं. इंग्लिश माझ्यापेक्षा बरं. म्हणाले, तुम्ही बॉम्बेच्या ना? म्हणलं ठाणे, बाजूला. म्हणाले, मग नासिकी किती लांब?

मला आधी कळेचना. मग म्हणलं नाशिक? तुम्हाला नाशिक कसं माहीत? कसारा घाट चढला की चार तास, माझं आजोळ आहे ते. म्झेनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही. म्हणाले, माझ्या आजीचे आजोबा नासिकीहून आले.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी जसं समजलं तसं लिहिते. आजीच्या त्या आजोबांना लहानपणी पकडून गुलाम म्हणून जहाजात घातलेलं. इंग्रजांच्या युद्धनौकेने ते जहाज अडवलं आणि सुटलेल्या पोरांना मुंबईला आणून उतरवलं. तिथून काही पोरं गेली नाशिकला, मिशनच्या आश्रमात. लोहारकाम, सुतारकाम, लिहिणं-वाचणं शिकली, बाप्तिस्मा झाला, मोठी झाली. आणि मग यातल्याच काहींना मिशनने परत आफ्रिकेत पाठवलं, पहिली मोजकी 1864 मध्ये इथून जवळच राबाईला, मग 1874-75 मध्ये मोठा गट, नव्याने सुटलेल्या गुलामांसाठी इथे वस्ती वसवायला. तीच ही वस्ती. नाव सर बार्टल फ्रेअरवरून, जो आधी मुंबईचा गव्हर्नर होता, 1862 ते 67. म्हणजे आपल्या ग्रँट रोडच्या फ्रेअर ब्रिजवालाच, फ्लोरा फाउंटनलाही आधी याच साहेबाचं नाव द्यायचं ठरलं होतं. तो पुढे झांझिबारच्या सुलतानाशी गुलामांचा व्यापार बंद करायची बोलणी करायला आला होता. आणि या लोकांना इकडे बॉम्बे आफ्रिकन म्हणायचे.

म्हणजे आमच्या आधी दीडशे वर्षं. नाशिकहून. लोहारकाम येणारी माणसं.

मग म्झे हसले का ते मला कळलं. मी लीडर दादांकडे बघितलं, ते कोंबडी जिंकलेल्या बाईबरोबर फोटो काढत होते.

म्झे म्हणाले चला, घंटा दाखवतो. वीस मिनिटं मिळाली आम्हाला, कारण पुढे बीचवर शहाळ्यांचा कार्यक्रम होता आणि बस भाड्याची होती. यावरून मी अजूनही चिडलेली आहे, वाचत असाल दादा तर वाचा. दिसणार नाही अशा कोपऱ्याला रंग लावायला तीन दिवस, आणि याला वीस मिनिटं. घंटा अगदी रस्त्यावर आहे, मटाटूंचे (तिकडच्या मिनिबस) हॉर्न, टुकटुक, फळवाल्या, आणि मध्ये दगडी कमानीत टांगलेली ती घंटा. गुलाम पकडणारे येताना दिसले की वाजवायचे, वस्तीतले लोक सावध व्हायचे. त्या नाक्याचं नावच केंगेलेनी पडलं, केंगेले म्हणजे घंटा. आपल्याकडे नाक्यांची नावं पडतात तसंच, नाव राहतं आणि कारण विसरतं. पण इथे कारण अजून टांगलेलं आहे.

म्झेनी विचारलं तिथली भाषा कोणती. म्हणलं मराठी. म्हणाले बोला काहीतरी, जे ते प्रार्थनेत बोलले असतील. मला काही सुचेना म्हणून मी प्रभूची प्रार्थना म्हणले मराठीतून, रस्त्याच्या कडेला उभी राहून, मटाटूवाला ओरडतोय, मी म्हणतेय. ते डोळे मिटून ऐकत होते. माझा आवाज मध्येच फुटला. संपल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि मान हलवली. म्हणाले, नाही, एकही शब्द ओळखीचा नाही. आजीला येत असतील तरी तिने आम्हाला सांगितले नाहीत. आमच्याकडे फक्त नासिकी राहिलं.

मग विचारलं, तो आश्रम आहे का अजून? नदी आहे का तिथे? नदी आहे म्हणलं, गोदावरी, मोठी आहे, द्राक्षं होतात. आश्रमाचं मला माहीत नाही म्हणलं. आणि मला इतकी लाज वाटली. आजोळ नाशिक, नाताळ नाशिकला, मे महिना नाशिकला, ख्रिस्ती घरात जन्म, आणि मला माहीत नाही. बसचा हॉर्न वाजला. शहाळं गोड होतं, पण मला नाही आवडलं.

रात्री गेस्ट हाऊसच्या वायफायवर शोधत बसले, मच्छरदाणीत, फोन तापेपर्यंत. चर्च मिशनरी सोसायटीचा आश्रम होता आणि तो होता शरणपूरला.

शरणपूर रोड! अहो मामाच्या लुनावर मागे बसून मी शरणपूर रोडने किती वेळा गेले असेन, मिसळ खायला, चपला घ्यायला, आजीला दवाखान्यात न्यायला. चाळीस वर्षांत माझ्या एकदाही डोक्यात आलं नाही की या नावात शरण आहे. शरण आलेल्यांचं पूर. ज्या बाईला बँकेत पासबुकावरच्या नावातला काना चुकलेला लांबून दिसतो तिला हे दिसलं नाही.

आणि पुढे वाचत गेले तर जेकब वेनराइट. नाशिकला शिकलेला. तो लिव्हिंग्स्टनच्या, म्हणजे आफ्रिका पालथी घालणाऱ्या त्या मिशनऱ्याच्या, माणसांत होता. 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन आतल्या जंगलात वारला तेव्हा झाडाच्या खोडावर त्याचं नाव याने कोरलं, कारण सोबत्यांत लिहिता येणारा हा. मग त्यांनी ते प्रेत कित्येक महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणलं, आणि 18 एप्रिल 1874 ला लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरलं तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत हा नाशिकचा पोरगा. शब्बाथशाळेत आम्हाला लिव्हिंग्स्टनची गोष्ट चार-पाच वेळा सांगितली असेल. नाशिक कोणीच सांगितलं नाही.

हे सगळं मला म्झेना सांगायचं होतं, निदान शरणपूरचा अर्थ तरी. पण सकाळी आमची रेल्वे होती. त्या टीचरांचा नंबर होता तो बरा.

परतीचं काही लिहित नाही, पोट बिघडलं एवढंच. घरी आल्यावर मामाला फोन लावला. मामा म्हणाला, अगं हो, आई सांगायची की, शरणपूरला हबशी पोरं होती मिशनची, तिच्या आजीने सांगितलेलं. म्हणलं मामा मग मला कधी का नाही सांगितलंस? तर म्हणे तू विचारलंस कधी? आणि कॉफी आणलीस का तिकडची?

मी त्याला म्हणलं शरणपूर रोडच्या पाटीचा एक छान फोटो काढून पाठव, मला मोम्बासाला पाठवायचाय. दोन आठवडे आठवण केली तेव्हा काढला. पाटीवर कोणातरी भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला, गळ्यात हार, हात जोडलेले, खाली पंचवीस छोटे फोटो, आणि फ्लेक्सच्या वरून फक्त 'शरण' एवढंच दिसतंय. दुसरा काढ म्हणलं तर मामा म्हणाला ऊन फार आहे.

तोच पाठवला टीचरांना, खाली इंग्लिशमध्ये अर्थ लिहिला. तीन दिवसांनी उत्तर आलं. म्झेनी नातीच्या फोनवर मोठा करून बघितला, खूप आनंद झाला, घरात सगळ्यांना दाखवला, आणि विचारतायत की हार घातलेले हे गृहस्थ कोण, शरणपूरचे बिशप का?