कपाटावरचा लॅपटॉप आणि टक्सची शर्यत

बाबांचा जुना लॅपटॉप दोन वर्षं कपाटावर धूळ खात पडला होता. आज त्यावर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. लेकीसाठी टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एक ओळ टाकली आणि ‘सुपरटक्सकार्ट’ हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ हजर! विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवायला लागणारं ना वाइन, ना प्रोटॉन, थेट लिनक्सवर. ग्राफिक्सची पातळी तेवढी खाली आणली.

मग एकाच कीबोर्डवर दोघं. ती बाणांच्या बटणांवर, मी डब्ल्यू-ए-एस-डीवर, कोपराला कोपर लागतंय. तिने लिनक्सचा पेंग्विन टक्सच निवडला. शेवटच्या वळणावर माझी गाडी वाटेतल्या केळ्यावर गेली आणि ही खुर्चीवर उभी राहून ओरडली, "बाबा, मी पहिली!" तो आवाज अजून कानात आहे.

ती झोपल्यावर मी ‘झिरो ए.डी.’ हा प्राचीन साम्राज्यं उभारून लढायचा खेळ उघडला. मशीन जरा अडखळलं, पण त्यात चक्क मौर्य आहेत! अशोकस्तंभ उभारता येतो, आणि गोळा केलेलं धान्य-लाकूड जमा करायला कामाचा हत्ती माणसांजवळ नेता येतो. कुणीतरी आपल्या फावल्या वेळात हे एवढं मन लावून केलंय आणि कोडसकट सगळ्यांना देऊन टाकलंय. फार भरून आलं.

ज्यांच्याकडे असा लॅपटॉप पडून असेल त्यांनी सांगा, रविवारी येऊन बसवून देतो.