मूळ परत आत गेलं

मशीन लावायच्या आधी खिसे तपासायचं काम मी कुणावर सोपवत नाही. एकदा नवऱ्यावर सोपवलं होतं. त्या दुपारी तासभर ड्रममधून खडखड येत राहिली आणि शेवटी आयुष्यात पहिल्यांदाच गरम पाण्याने न्हालेला एक गुळगुळीत गोटा बाहेर आला. थोरल्याने तो हातात घेतला, हुंगला आणि म्हणाला, "आता याला साबणाचा वास येतोय, आता हा माझा नाही."

वसंत आला की पोरांचे खिसे जड होतात. बाहेर जाणं वाढतं आणि बाहेरचं आत येणंही. आज धाकटीच्या फ्रॉकच्या खिशातून निघालं ते असं : तीन खडे, गोगलगायीचा रिकामा शंख, पेनाचं टोपण, पंख असलेलं एक बी (हे वर उडवलं की भिरभिरत खाली येतं, मी दोनदा उडवून पाहिलं) आणि घेवड्याचा एक दाणा. खडे बरणीत टाकले. खडे फेकून देणं मला जमत नाही. खिडकीतली ती बरणी आता गळ्यापर्यंत आली आहे आणि त्यातला कुठला खडा कुठल्या सहलीचा, हे पोरंही विसरली आहेत. पण दाणा हातात घेऊन मी जरा वेळ तशीच बसले. दाणा रस्त्यावर सापडत नाही, तो शाळेतून येतो. म्हणजे यंदा हिची पाळी.

वसंतातल्या सहली मला आवडतात, असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे मला सहलीहून परतल्यानंतरची संध्याकाळ आवडते. निघायलाच मुळात दीड तास लागतो. टोप्या सापडतात, बाटल्या भरल्या जातात, सगळे दारात उभे राहतात आणि मग कुणाला तरी शू लागते. बाहेर पडल्यावर आम्हा मोठ्यांच्या डोळ्यांसमोर टेकडीचा माथा असतो. धाकटी मात्र फाटकापाशीच बसकण मारते, कारण तिथे मुंग्या एक मेलेली माशी ओढून नेत असतात. मुंग्या तिला चुकीच्या दिशेने नेताहेत, असं तिचं म्हणणं. गेल्या तीन वसंतांत त्या टेकडीच्या माथ्यावर आम्ही एकदाच पोचलो, तेही ती माझ्या खांद्यावर झोपलेली असताना.

शाळा यात भर घालते. 'वसंताच्या पाच खुणा शोधा' असा एक कागद घरी येतो. त्यावर पाच चौकटी, एक पक्षी, एक फूल आणि रंगवायला एक पान. मागे थोरल्याने ते पान तांबडं रंगवलं होतं, कारण कोपऱ्यावरच्या झाडाची पालवी त्याने पाहिली होती आणि ती तांबडीच होती. कोवळ्या पानात हिरवा रंग पुरता भरायच्या आधी कित्येक झाडं हा लाल रंग भरतात, कोवळेपणी उन्हाचा मारा सोसवावा म्हणून, असं म्हणतात. कागदावर बाईंनी शेजारी छोटंसं हिरवं पान काढून दाखवलं होतं. मी तो कागद गुपचूप फाईलला लावला. बाईंच्या वर्गात चाळीस पोरं, त्यांनी तरी कुणाकुणाचं झाड पाहायला जावं?

आम्हीही चाळीसच होतो. दोघादोघांनी हात धरायचे, रांग मोडायची नाही आणि दहा प्रकारची पानं गोळा करायची. माझ्या जोडीदारणीचा हात सतत घामेजलेला असायचा. तो सोडून पान तोडावं तर रांग मोडते आणि न सोडावं तर पान मिळत नाही, या पेचात अर्धी वाट सरली. शेवटी शाळेच्या फाटकाबाहेरच्या एकाच झाडावर सगळा वर्ग तुटून पडला. दुसऱ्या दिवशी चाळीस वह्यांत एकाच झाडाची चारशे पानं डिंकाने चिकटवलेली होती, लहान, मोठी, किडकी, अर्धवट, आणि खाली दहा वेगवेगळी नावं. सगळ्यांना दहापैकी आठ. तेव्हापासून शाळेच्या निरीक्षण-वह्यांकडे मी जरा तिरक्या नजरेनेच बघते.

त्यामुळेच गेल्या वसंतात थोरल्याचा दाणा आला तेव्हा मी ठरवलं होतं की हा खेळ नीट खेळायचा. काचेचा पेला, कडेने टीपकागद, आत ओला कापूस, काच आणि कागद यांच्यामध्ये दाणा. म्हणजे सगळं बाहेरून दिसतं. दुसऱ्या दिवशी दाणा फुगला, साल सुरकुतली. चौथ्या दिवशी मूळ. अंकुराच्या आधी मूळच येतं आणि ते खालीच जातं. आम्ही पेला आडवा करून ठेवला तर ते वळून पुन्हा खाली निघालं. थोरला त्या काचेला नाक लावून बसायचा.

तेव्हा मी त्याला डार्विनची गोष्ट सांगितली. आडव्या धरलेल्या मुळाचं अगदी टोक कापलं तर ते खाली वळायचं विसरतं, हे डार्विनने 1880 साली छापलं. सोबत त्याचा मुलगा फ्रान्सिस होता, तिशी ओलांडलेला, तरी अजून बापाबरोबर बिया भिजत घालणारा. त्याआधी कितीतरी वर्षं, 1854 मध्ये, याच डार्विनने आपल्या पोरांना बागेत जागोजागी उभं केलं होतं. नर भुंगे ठरावीक वाटेने उडतात आणि ठरावीक जागी घुटमळतात, ती वाट त्याला शोधायची होती. भुंगा आला की तिथल्या पोराने ओरडायचं. त्याच्या 1859 च्या प्रसिद्ध ग्रंथाच्या हस्तलिखिताची थोडीच पानं उरली आहेत, आणि त्यातल्या काहींच्या पाठीवर पोरांनी चित्रं काढली आहेत. पोरांची चित्रं म्हणून ती पानं जपली गेली. थोरल्याला यातलं एकच आवडलं, ओरडायचं. पुढचे दोन दिवस तो दर तासाला पेल्यापाशी जाऊन "आहे!" असं ओरडत होता.

पाचव्या दिवशी रात्री पेल्याला वास आला. पोराने मायेने पाणी घातलं होतं, जवळजवळ काठोकाठ. बुडालेल्या बीला हवा मिळत नाही, ती कुजते. दाणा काळपट, मूळ बुळबुळीत. पोरं झोपली होती. मी ओट्यामागे राखीव म्हणून दोन दाणे भिजवले होते (आई झालं की माणूस राखीव ठेवायला शिकतं), त्यातला बरा दिसणारा उचलला, कापूस बदलला, पेला पुसून जागच्या जागी ठेवला आणि शांत झोपले.

पंधरा दिवसांनी वही तपासून आली. मी सहज उघडली. 'दिवस ५ : मूळ २ सेंमी.' 'दिवस ६ : मूळ १ सेंमी.' खाली चित्र, त्यात मूळ आखूड आणि डावीकडून निघालेलं, आदल्या दिवशी ते उजवीकडे होतं. आणि त्याच्या अक्षरात एक ओळ : 'मूळ परत आत गेलं.'

शेजारी लाल शाईत : 'असं होत नाही. नीट मोज.'

त्याने नीट मोजलं होतं. पट्टी काचेला लावून, एक डोळा मिटून मोजताना मी त्याला पाहिलं होतं, पोळ्या लाटता लाटता. घरात त्या दिवशी खरं लिहिणारा तेवढा एकच होता. लाल शाईनंतर त्याने १ खोडून तिथे ३ केला होता, आणि खोडताना कागद इतका घासला होता की उजेडात धरला की त्या जागी भोक दिसतं.

त्याला मी अजून सांगितलेलं नाही. दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा त्याला खेळायला जायचं होतं.

आता धाकटीचा दाणा वाटीत भिजत घातलाय. शेजारच्या वाटीत नऊ. एक तिचा, नऊ माझे. थोरला मघाशी पाणी प्यायला आला, दोन्ही वाट्यांकडे बघून उभा राहिला, आणि काही न बोलता गेला.