पत्रे आले, पण हुक कुठायत?

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी तिसरीत होतो. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र सरून पहाटेचे चार वाजत आलेले. आमचं गाव औसा तालुक्यातलं, दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, अशीच सगळ्यांची घरं. आमची एक भिंत बाहेरच्या बाजूला पडली म्हणून आम्ही वाचलो, आत पडली असती तर आज हे लिहायला मी नसतो. पण त्या दिवसांतलं मला सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर रस्त्याच्या कडेला पडलेले कपड्यांचे ढीग. देशभरातून लोकांनी पाठवले होते, प्रेमानंच पाठवले होते, पण नंतरच्या पावसात ते भिजले, कुजले, वास सुटला. आई सारखी म्हणायची, कपडे नको रे बाबांनो, कुणीतरी काडेपेटी अन् रॉकेल द्या.

हे सगळं डोक्यात पक्कं बसलेलं होतं म्हणून ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मला घरी बसवेना. टीव्हीवर मुरूडचं नाव ऐकून आमची चुलती घाबरली, तिची लेक आमच्या लातूरजवळच्या मुरूडला दिलेली. तिला सांगितलं की काकू हे समुद्राकाठचं मुरूड, रायगड जिल्ह्यातलं. तर ती म्हणाली, मग तिथं पण कुणाची तरी लेक असंलच की. दुसऱ्या दिवशी गावात ज्वारी गोळा करायला सुरुवात तिनंच केली.

दहा पोती ज्वारी जमली. आता माझं दुकान पत्र्याचं, धंद्यातल्या ओळखीनं माणगावकडच्या एका व्यापाऱ्याला फोन लावला की काय आणू. तो म्हणाला, ज्वारी आणू नका दादा, इकडं लोक भात खातात आणि भाकरी करायची म्हटली तरी खांब आडवे झालेत, लाइट नाही, गिरण्या बंद, दळणार कुठं? तांदूळ आणा, मेणबत्त्या, ताडपत्री, मीठ. आणि झाडं कापायचं मशीन असेल तर पहिलं ते आणा, रस्ते मोकळे झाल्याशिवाय काहीच आत जात नाही. ज्वारी आडतीवर घातली आणि त्या पैशात हे सगळं घेतलं. गावातले दोघं-तिघं नाराज झाले, आमच्या रानातलं धान्य तुम्ही विकलं म्हणून. मला अजूनही वाटतं की आम्ही केलं ते बरोबर केलं.

कोरोनाचा काळ, ई-पास काढून आम्ही चौघं टेम्पोनं निघालो, पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव. म्हसळ्याच्या पुढं गेल्यावर जे दिसलं ते मी कधी विसरणार नाही. सुपारीची झाडं कंबरेतून मोडून सगळी एकाच दिशेला पडलेली, एकावर एक, जशी काय कुणी पेंढी आडवी करून ठेवावी. नारळ मुळासकट उपटलेले. श्रीवर्धनची रोठा सुपारी आम्ही फक्त पानपट्टीवर ऐकलेली, तिचं झाड पहिल्यांदा बघितलं ते असं.

दिवेआगरच्या बाजूला एका आजींच्या घरी गेलो. कौलं उडालेली, आत भिंतींना ओल चढलेली. अंगणात नवेकोरे सहा पत्रे पडलेले आणि वर दगड ठेवलेले. म्हटलं आजी, पत्रे आलेत तर घातले का नाहीत? म्हणाल्या, "पत्रे देऊन गेले हो, पण हुक कुठायत? सुतार म्हणतो हुक आणा, दुकानात हुक नाहीत."

माझ्या अंगावर काटा आला. आपल्याकडं पत्र्यावर दगड ठेवून पण भागतं, पण समुद्राच्या वाऱ्यात तो पत्रा नाही राहत, उडाला की कुणाच्या तरी मानेवर. पत्रा वाशाला जे-हुकनं घट्ट धरून ठेवावा लागतो, भोक पन्हाळीच्या उंचवट्यावर पाडायचं, खोलगटात पाडलं की गळणारच, आणि वर वॉशर पाहिजे. ही एवढी बारीक वस्तू, पण ट्रक भरून पाठवणाऱ्यांच्या ती डोक्यातच येत नाही, माझ्या पण आली नव्हती, पत्र्याचा धंदा असून. परत येऊन आठ दिवसांत हुक-वॉशरची दोन पोती पाठवली.

सरकारची मदत आली नाही असं मी म्हणणार नाही. फळबागेला हेक्टरी १८ हजार होते ते ५० हजार केले, दोन हेक्टरपर्यंत. ऐकायला आकडा मोठा वाटतो. पण हिशोब करून बघा, एक हेक्टर म्हणजे जवळपास १०० गुंठे, म्हणजे गुंठ्याला साधारण ५०० रुपये. आजींची वाडी, म्हणजे त्यांची बाग, पाच गुंठ्यांची. अडीच हजार रुपये झाले, पडलेली झाडं कापून बाहेर काढायची मजुरी पण त्यात निघत नाही. आपल्याकडं एकराचा हिशोब चालतो, तिकडं माणूस झाड मोजतो, म्हणून झाडावर भरपाई द्या ही मागणी तिकडच्या लोकांनी लावून धरली आणि ती शंभर टक्के रास्त होती. त्यात सातबारा सामाईक, अर्धी नावं मुंबईला, काही तर वारलेल्या माणसांची, मग संमतीपत्रं गोळा करत फिरा. किल्लारीच्या वेळी आमच्या घरानं पण हेच भोगलंय.

आणि सोयाबीन गेलं तर आपण पुढच्या जूनला परत पेरतो, सुपारीचं तसं नाही. लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षं, तोवर घर कशावर चालवायचं? पहिल्या पंधरा दिवसांत तिकडं गाड्यांची रांग होती, दिवाळीला कुणी नव्हतं. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा मी आजींना लगेच फोन केला, घरावरचे पत्रे जागेवर होते.

आजींशी अजून बोलणं होतं. सुपारीच्या रोपाला ऊन सोसत नाही, आणि वाडीतली सावली तर वादळात सगळी गेली, म्हणून त्यांनी आधी केळी लावल्या आणि केळीच्या सावलीत रोपं लावली. मागच्या फोनवर मी विचारलं, आता केवढी झाली? म्हणाल्या, माझ्या डोक्याच्या वर गेली, पण अजून एक पण सुपारी धरली नाही.